त्याच टप्प्यावर

आज मनासमोर एकच माणूस आणायचा आहे आणि त्याच्याबरोबर थोडा वेळ राहायचं आहे. त्याच्या नावाभोवती वाद नाहीत, रंगवून सांगाव्यात अशा दंतकथा नाहीत. मनात आणताना धरायला चटकन काही सापडत नाही, म्हणून घाई करू नका. जिथं बसला आहात तिथंच नीट टेकून बसा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचाही नाही. तो येतो आहे, जातो आहे, एवढं लक्षात असू द्या. ज्या माणसाकडे आपण निघालो आहोत त्याची उमेदीची सगळी वर्षं अशाच एका येण्याजाण्यात गेली. मागे चालत जायचं, वळायचं, धावत यायचं, चेंडू टाकायचा, पुन्हा मागे चालत जायचं.

त्याचं नाव डेरेक शॅकल्टन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्पशायर कौंटीचा मध्यमगती गोलंदाज. बरोबरीचे खेळाडू त्याला ‘शॅक’ म्हणत.

आधी जागा बघू. साउदॅम्प्टन हे बंदराचं शहर. तिथं नॉर्थलँड्स रोडवर, घरांच्या वस्तीत बसलेलं एक आटोपशीर मैदान. मे महिना आहे, पण आपला मे नव्हे. हवेत गारवा आहे, गवत ओलं आहे, आभाळ खाली उतरल्यासारखं राखाडी. प्रेक्षक थोडे, बरेचसे वयस्कर, कोट घालून बाकांवर विखुरलेले. आज इथं काही ऐतिहासिक घडेल अशी कुणाची अपेक्षा नाही. कौंटीच्या चालू मोसमातला आणखी एक सामना आहे, तीन दिवसांचा. तो संपला की सामान बांधून दुसऱ्या गावी जायचं आणि लगेच पुढचा सुरू करायचा. रविवार तेवढा सुट्टीचा. एका मोसमात असे २८ सामने, काही वर्षी ३२.

हे दृश्य नीट दिसलं की नजर त्याच्या हाताकडे न्या.

हातात लाल चेंडू आहे. चामड्याचे तुकडे जिथं शिवले जातात तिथं टाक्यांची एक उंचवट्याची रेघ चेंडूभोवती फिरते. ती शिवण. पहिलं बोट आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली. चेंडू सुटताना मनगट सरळ राहिलं तर शिवण हवेतही उभीच राहते, आणि खेळपट्टीवर चेंडू नेमका शिवणीवर पडला तर तो आत येईल किंवा बाहेर जाईल. थोडासाच, पण बॅटची कड घ्यायला तेवढं पुरतं. त्या काळी कौंटी सामन्यांत खेळपट्टी पावसापासून पूर्ण झाकून ठेवायची पद्धत नव्हती. ओल्या, हिरवट खेळपट्टीवर अशा गोलंदाजाला फार मदत मिळे. मात्र मदत मिळायची ती एका अटीवर. चेंडू योग्य जागी पडला पाहिजे.

ती जागा मनात धरा. फलंदाजानं पुढे यावं की मागे जावं, हे त्याला ठरवता येऊ नये अशी ती जागा असते. थोडं आखूड पडलं की तो मागे सरकून मारेल, थोडं पुढे पडलं की झुकून मारेल. या दोन्हींच्या मधला टप्पा, आणि दिशा अशी की चेंडू सोडून द्यायची भीती वाटावी. बसायच्या आसनाएवढी ही जागा. शॅकल्टन तिथं चेंडू टाकत असे. पुढचाही तिथंच. त्याच्या पुढचाही.

इथं थोडं थांबू. एका जागेवर मन ठेवायचा प्रयत्न तुम्ही कधी केला असेल, तर चौथ्या-पाचव्या क्षणाला काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मन म्हणतं, झालं की, आता दुसरं काही. गोलंदाजाचंही असंच होतं. तोच चेंडू पाच वेळा टाकला की हात शिवशिवतो. जरा जोरात टाकून बघावा, एखादा वेगळा टाकून फलंदाजाला चकवावा. अशा मोहातूनच षटकातला तो एक सैल चेंडू जन्माला येतो, ज्याची फलंदाज वाट बघत असतो. शॅकल्टनसमोर खेळणाऱ्यांना तो सैल चेंडू सहसा मिळत नसे. त्याच्या सगळ्या कारकिर्दीचा हिशेब केला तर षटकामागे सरासरी दोन धावांच्या आसपास दिल्या आहेत. दिवसभर त्याला खेळून काढा, धावफलक जागचा हलत नाही. मग फलंदाजाचाच धीर सुटतो आणि तो नको तिथं बॅट घालतो.

आता त्याचं धावत येणं बघा. मोजकी पावलं, एका लयीत. अंगात झटका नाही, चेहऱ्यावर आवेश नाही, आणि नीट विंचरलेले केस संध्याकाळपर्यंत विस्कटलेले नसत. या केसांचा उल्लेख त्याला पाहिलेल्या लोकांनी आवर्जून केलेला आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो. वीस-पंचवीस षटकं टाकूनही केस जागचे हलले नाहीत, तर शरीराचा एकही अवयव वायफळ काम करत नाही असा त्याचा अर्थ. जी ताकद लागते ती वापरायची, जी लागत नाही ती जपून ठेवायची. १९६२ चा मोसम सुरू झाला तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि ऑगस्टमध्ये त्यानं अडतिसावं पूर्ण केलं. त्या एका मोसमात त्यानं सतराशेहून अधिक षटकं टाकली आणि १७२ बळी घेतले. सतराशे षटकं म्हणजे दहा हजारांवर चेंडू, एका उन्हाळ्यात.

हा आकडा वाचून लगेच पुढे जाऊ नका. दहा हजार वेळा मागे चालत जाणं. त्यातला एकेक वेगळा काढून बघा. गार सकाळचा पहिला, जेवणानंतरच्या जडपणातला, पाय दुखत असताना दिवस संपता संपता टाकलेला. मोजणीत ते सगळे सारखे असतात. टाकणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी ती आसनाएवढी जागा पुन्हा शोधावी लागते. मागचा चेंडू तिथं पडला म्हणून पुढचा आपोआप पडत नाही.

तो इथवर आला कसा, ते थोडक्यात सांगतो.

१२ ऑगस्ट १९२४ रोजी टॉडमॉर्डन इथं त्याचा जन्म झाला. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या सीमेवरचं, कापडगिरण्यांचं गाव. एके काळी दोन कौंट्यांची हद्द इतकी गावाच्या मधून जायची की तिथल्या नगरभवनाची इमारतच त्या हद्दीवर दोन्हीकडे पाय रोवून उभी आहे. उत्तरेतल्या अशा गावांत क्रिकेट हा रविवारचा विरंगुळा नव्हता. शनिवार दुपारच्या लीग सामन्यांना गिरणीकामगारांची गर्दी होई आणि हरण्या-जिंकण्याला गावात वजन असे. महायुद्धाच्या वर्षांत तो सैन्यात होता, आणि नंतर दूर दक्षिणेला हॅम्पशायरकडे व्यावसायिक खेळाडू म्हणून आला. पहिला प्रथम श्रेणी मोसम १९४८ चा.

आणि तो आला होता फलंदाज म्हणून. जोडीला थोडी लेगस्पिन टाकायचा. त्या वर्षी हॅम्पशायरकडे नवा चेंडू हाताळणारे गोलंदाज कमी पडत होते. डेस्मंड ईगर कर्णधार होता. संघातल्या सगळ्यांना नेटमध्ये वेगानं चेंडू टाकायला लावलं गेलं, कुणाला जमतंय ते बघण्यासाठी. शॅकल्टनला जमलं.

ही गोष्ट मनात घोळू द्या. आवड ओळखा, स्वप्नाचा पाठलाग करा, असं आपण मुलांना सतत सांगतो. या माणसाला त्याच्या आयुष्याचं काम भेटलं तेव्हा तो चोविशीत होता, ते त्यानं मागितलेलं नव्हतं, आणि ते भेटण्याचं कारण एवढंच की संघाला गरज होती. त्यानं ते हातात घेतलं. नंतर खाली ठेवलं नाही. कामावरचं प्रेम कधीकधी काम सुरू केल्यानंतर येतं, करत राहिल्यानं येतं. तुमच्याही आयुष्यात असं वाट्याला आलेलं एखादं काम असेल. तूर्त फक्त आठवून ठेवा, पुढे त्याच्याकडे येऊ.

१९४९ साली त्यानं पहिल्यांदा मोसमात शंभर बळी घेतले. शंभर बळी ही कौंटी गोलंदाजासाठी मोठी पायरी. ती एकदा चढला की माणूस नावारूपाला येई. शॅकल्टननं ती १९५० मध्ये पुन्हा गाठली. १९५१ मध्येही. हळू मोजा. १९५२, १९५३, १९५४. याच वर्षी ब्रिटनमधलं युद्धकाळापासूनचं शिधावाटप संपलं. १९५५, १९५६, १९५७, १९५८. ईगर निवृत्त झाला, नवा कर्णधार आला. १९५९, १९६०, १९६१, १९६२. याच वर्षअखेरीला इंग्लिश क्रिकेटनं हौशी आणि व्यावसायिक हा जुना भेद मोडीत काढला. तोवर छापील धावपत्रकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आधी छापत आणि व्यावसायिकाची आडनावानंतर, म्हणजे कोण पगारावर खेळतो ते कळावं. शॅकल्टनचं ‘डी’ हे अक्षर इतकी वर्षं मागेच होतं. १९६३. एक दिवसाच्या सामन्यांची स्पर्धा सुरू झाली. १९६४, १९६५, १९६६, १९६७, १९६८.

सलग वीस मोसम. असं दुसऱ्या कुणीही केलेलं नाही. विल्फ्रेड ऱ्होड्सनं २३ वेळा शंभर बळी घेतले, पण सलग नव्हेत.

मोजताना मधे कुठं कंटाळा आला का? आला असेल तर तो लपवू नका, त्याच्याकडे बघा. वीस वर्षं नुसती मोजताना मन इकडेतिकडे जातं. जगताना गेलं असेल किती वेळा! तरी सकाळी साडेअकराला तो नव्या चेंडूसह उभा असे.

आता मैदान बदलू. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, फिरोजशाह कोटला. नायजेल हॉवर्डच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्लंडच्या संघात शॅकल्टन होता, आणि मालिकेतली पहिली कसोटी तो खेळला. कोरडी, निर्जीव खेळपट्टी, स्वच्छ ऊन, गवताचं पातं नाही. शिवणीला धरायला काही नाही. समोर विजय मर्चंट आणि विजय हजारे. मर्चंटनं १५४ धावा केल्या, आणि ती त्याची अखेरची कसोटी ठरली. सांगलीच्या हजारेनं कर्णधार म्हणून पहिल्याच कसोटीत नाबाद १६४. दोघांनी मिळून तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भर घातली. त्याआधी इंग्लंडच्या पहिल्या डावात महाराष्ट्राच्या सदू शिंद्यांनी लेगस्पिन-गुगलीवर सहा बळी घेतले होते. सामना अनिर्णित राहिला.

साउदॅम्प्टनला सोनं पिकवणारा तो टप्पा दिल्लीत मुका होता. शॅकल्टनचा हात तोच, शिवण तशीच उभी, जागाही तीच, आणि चेंडू सरळ बॅटवर. आपलं कौशल्य आपल्या हातात असतं, पण ते ज्या जमिनीवर पडतं ती जमीन नसते. ही जाणीव कडू आहे. ती लगेच गोड करून घेऊ नका, तशीच राहू द्या.

त्या कसोटीनंतर इंग्लंडनं त्याला साडेअकरा वर्षं बोलावलं नाही. यात कुणी कट केला असं मला वाटत नाही. ॲलेक बेडसर होता, तशाच पद्धतीचा पण अधिक उंच, अधिक ताकदीचा. मग ट्रूमन, स्टॅथम, टायसन, बेली, लोडर. इंग्लंडकडे वेगवान गोलंदाज कधी नव्हते तितके होते. शॅकल्टन आपल्या जागी उत्तम होता आणि ती जागा दुसऱ्या कुणाची होती, एवढंच. दर उन्हाळ्यात कसोटीचा संघ जाहीर होई, त्यात त्याचं नाव नसे, आणि पुढच्या सामन्यात तो हॅम्पशायरसाठी तीस षटकं टाके.

आपलं नाव यादीत नाही असे प्रसंग तुमच्याही वाट्याला आले असतील. बढतीची यादी, पुरस्काराची यादी, घरातल्या कौतुकाची न लिहिलेली यादी. त्यातला एक आठवा. फार जुना असला तर बरं, धार थोडी बोथट झालेली असेल. त्या यादीनंतरच्या दिवशी तुम्ही कामाला कसे लागलात? हाताला तीच सफाई होती, की आत कुठं तरी पकड ढिली झाली? उत्तर मनातच राहू द्या. माझ्यापुरतं सांगायचं तर शॅकल्टनच्या २,८५७ प्रथम श्रेणी बळींपेक्षा मला त्या साडेअकरा वर्षांतल्या पुढच्या-सकाळच्या षटकांबद्दल जास्त आदर वाटतो. न बोलावलेल्या माणसानं पकड ढिली होऊ दिली नाही.

त्या वर्षांतच, १९५५ मध्ये, वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी सॉमरसेटविरुद्ध एका डावात त्याची गोलंदाजी अशी होती: ११ षटकं आणि एक चेंडू, त्यातली ७ निर्धाव, ४ धावा, ८ बळी. सामन्यात २९ धावांत १४ बळी. दिल्लीत मुकी झालेली जमीन इथं बोलत होती. मात्र हा आकडा फार वेळ डोळ्यांसमोर ठेवू नये असं मला वाटतं. अशा दिवसांवरून त्याला ओळखायला गेलं की तो चमत्कार करणारा वाटू लागतो, आणि मग आपण त्याला आपल्यापासून दूर, सुरक्षित अंतरावर बसवून देतो.

हॅम्पशायर १८९५ पासून कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत खेळत होतं आणि १९६१ पर्यंत ते एकदाही जिंकलेलं नव्हतं. १९६१ चा कर्णधार कॉलिन इंगलबी-मॅकेन्झी, ईटनमध्ये शिकलेला, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन, मैदानावरही डाव लावणारा. प्रतिस्पर्ध्याला जिंकायची आशा वाटेल इतक्या धावांवर तो डाव घोषित करायचा आणि सामना खुला करायचा. कागदावर हे बेछूट वाटतं. पण एका टोकाला कोण आहे ते बघा. कर्णधाराला ठाऊक होतं की शॅकल्टनच्या बाजूनं धावा उधळल्या जाणार नाहीत. दुसऱ्या टोकाकडून बुच व्हाइटनं वेगानं मारा करावा, पीटर सेन्सबरीनं फिरकीवर प्रयोग करावेत, सगळ्यांना मोकळीक होती, कारण एक टोक बांधलेलं होतं. घरात, कचेरीत, कुठल्याही संस्थेत धाडस करणाऱ्यांची नावं होतात. त्यांच्या धाडसाला जमीन देणारा माणूस कोपऱ्यात रोजचं काम करत असतो. तुमच्या ओळखीत असा कोण आहे? चेहरा आठवा.

१ सप्टेंबर १९६१ रोजी बोर्नमथच्या डीन पार्कवर डर्बीशायरचा दुसरा डाव १११ धावांत संपला आणि हॅम्पशायर पहिल्यांदा अजिंक्य झालं. त्या डावातले सहा बळी शॅकल्टनचे होते.

आता १९६३. लॉर्ड्स, जून महिना, वेस्ट इंडिजविरुद्धची दुसरी कसोटी. अडतिसाव्या वर्षी शॅकल्टनला पुन्हा बोलावणं आलं. पहिल्या डावाच्या शेवटी त्यानं चार चेंडूंत तीन बळी घेऊन वेस्ट इंडिजला ३०१ वर थांबवलं. दुसऱ्या डावात आणखी चार. म्हणजे या मोठ्या मंचावरही तोच हात, तोच टप्पा. साडेअकरा वर्षांत इंग्लंड त्याला विसरलं असेल, टप्पा त्याला विसरला नव्हता.

पण या सामन्यातून तो लोकांच्या आठवणीत राहिला तो चेंडूमुळे नाही. शेवटचा दिवस, शेवटचं षटक. जिंकायला इंग्लंडला २३४ धावा हव्या होत्या, त्यातल्या ८ बाकी. गोलंदाज वेस्ली हॉल, दुपारपासून दमलेला आणि तरी भयंकर वेगवान. फलंदाज डेव्हिड ॲलन आणि शॅकल्टन. तंबूत कॉलिन काउड्री, हॉलच्याच चेंडूनं हाताचं हाड मोडलेलं, प्लास्टरमध्ये. चौथा चेंडू शॅकल्टनच्या बॅटीला लागत नाही. ॲलन धाव काढायला निघतो. शॅकल्टनला समोरच्या टोकाला पोचायचं आहे. चेंडू येतो फ्रँक वॉरेलच्या हातात. वेस्ट इंडिजचा कर्णधार. तो चेंडू फेकत नाही, फेक चुकू शकते. तो चेंडू हातात घेऊन स्वतः धावत सुटतो, शॅकल्टनच्या बरोबरीनं, त्याच टोकाकडे.

हा क्षण धरून ठेवा. दोन माणसं एकाच दिशेनं धावत आहेत. वॉरेलचा जन्म १ ऑगस्ट १९२४ चा, शॅकल्टनचा १२ ऑगस्टचा. दोघांत अकरा दिवसांचं अंतर. एक बार्बाडोसचा, आपल्या संघाचा पहिला कायमस्वरूपी कृष्णवर्णीय कर्णधार, साऱ्या जगाला ठाऊक असलेला. दुसरा टॉडमॉर्डनचा, कौंटीच्या बाहेर फारसा न ओळखला जाणारा. दोघंही अडतीस वर्षांचे, दोघांचेही पाय थकलेले. वॉरेल आधी पोचला. शॅकल्टन धावचीत. काउड्री प्लास्टर घातलेल्या हातानं आत आला, दुसऱ्या टोकाला उभा राहिला, ॲलननं उरलेले दोन चेंडू अडवले, आणि सामना सहा धावा बाकी असताना अनिर्णित सुटला.

शर्यत हरलेल्या माणसाचं पुढे काय झालं? मालिकेतल्या उरलेल्या तिन्ही कसोट्या तो खेळला आणि चार कसोट्यांत मिळून १५ बळी घेतले. मग पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. दिल्लीच्या आधीच्या दोन धरून एकूण ७ कसोट्या, १८ बळी. तो परत हॅम्पशायरला गेला. मार्च १९६७ मध्ये वॉरेल रक्ताच्या कर्करोगानं गेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्या उन्हाळ्यात शॅकल्टननं पुन्हा शंभर बळी घेतले, आणि त्याच्या पुढच्याही. कुणाचं आयुष्य मोठं, हे इथं मोजायचं नाही. दोघांनाही समोर ठेवा. ज्याला थोडी वर्षं मिळाली त्यानं ती कशी भरली, आणि ज्याला तीच कृती हजारो वेळा करायला मिळाली त्यानं ती कशी केली. मला दोघांकडे बघताना सारखंच नम्र व्हायला होतं.

आता तुम्ही आठवून ठेवलेलं ते काम समोर आणा. वाट्याला आलेलं, असंख्य वेळा केलेलं. माझ्या मनात अशा वेळी पहिलीच्या वर्गाला वर्षानुवर्षं बाराखडी शिकवणाऱ्या बाई येतात. दर जूनमध्ये फळ्यावर तीच अक्षरं. अक्षरं जुनी झाली म्हणून बाई कंटाळल्या, तर समोरच्या मुलावर अन्याय होतो, कारण त्यानं ‘क’ यापूर्वी कधी पाहिलेला नाही. शॅकल्टनच्या चेंडूसमोर उभा राहणारा प्रत्येक फलंदाजही असाच नव्यानं आलेला असे. चेंडू दीड लाखावा असला तरी त्या दोघांमधला हा चेंडू पहिलाच.

तुमच्या कामातला असा ‘समोरचा’ कोण आहे ते शोधा. कदाचित तो खिडकीपलीकडचा ग्राहक असेल, कदाचित औषध वेळेवर द्यायला लागणारी आई. त्याच्यासाठी ही कृती आज, आत्ता होते आहे. तुमच्याकडे तिचा हजारावा हिशेब असला तरी त्याच्याकडे नाही. यावर थोडं रेंगाळा. कृती पुन्हा पुन्हा करून हात तयार होतो हे खरं, पण लक्ष मात्र साठवता येत नाही. ते दर वेळी नवं आणावं लागतं. शॅकल्टनचं मोठेपण मला नेमकं इथं दिसतं. हात तयार झाल्यावरही त्यानं लक्ष काढून घेतलं नाही.

आणि सगळीच पुनरावृत्ती अशी नसते, हेही स्वच्छ बघायला हवं. जिथं माणसाला नुसतं जुंपलेलं असतं, विश्रांती नाही, मोबदला नाही, मान नाही, तिथं असल्या गोष्टी सांगून कुणाला गप्प बसवू नये. शॅकल्टनला त्याच्या कामाचा पगार मिळत होता, सहकाऱ्यांचा विश्वास होता, संध्याकाळी चेंडू खाली ठेवता येत होता. मन लावून तेच काम करत राहण्याला एवढा आधार लागतोच. तुमच्या कामात तो नसेल, तर आधी तो मागा.

१९६८ नंतर त्यानं नियमित खेळणं थांबवलं. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मग डॉर्सेटकडून छोट्या कौंट्यांच्या स्पर्धेत खेळला, कॅनफर्ड शाळेत मुलांना शिकवलं, १९७९ ते १९८१ प्रथम श्रेणी सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला. मुलगा ज्युलियन ग्लॉस्टरशायरकडून खेळला. २८ सप्टेंबर २००७ रोजी शॅकल्टन वारला, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. त्याआधीच नॉर्थलँड्स रोडचं मैदान बंद होऊन तिथं घरं उभी राहिली होती, आणि हॅम्पशायर शहराबाहेरच्या नव्या मैदानावर गेलं होतं. एका मोसमात शंभर बळी हा प्रकारही आता उरलेला नाही. तेवढे सामनेच होत नाहीत.

हळूहळू हातपाय हलवा, आणि जिथं आहात तिथं परत या. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम श्रेणी क्रिकेट सुरू केलेल्या कोणत्याही गोलंदाजानं शॅकल्टनइतके बळी घेतलेले नाहीत. त्याच्या २,८५७ बळींपैकी २,६६९ हॅम्पशायरसाठी आहेत, आणि त्या कौंटीचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.